केमोपोर्ट बसवायचा ठरलाय? आधीपासून काढेपर्यंत काय काय करावं

केमोचे दोन-तीन डोस झाले की हातावरच्या शिरा रुसायला लागतात. सिस्टर मनगट थोपटते, मूठ आवळायला लावते, गरम पाण्याची पिशवी ठेवते, तरी शीर मिळते ती तिसऱ्या-चौथ्या टोचणीला. मग डॉक्टर म्हणतात, "पोर्ट टाकून घेऊ." घरी आल्यावर शेजारपाजारचे चार जण चार गोष्टी सांगतात आणि रुग्ण घाबरतो. छातीत यंत्र बसवायचं म्हणजे काय?

पोर्टमध्ये यंत्र असं काहीच नसतं. ना बॅटरी, ना वायर. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, टायटॅनियमची किंवा टणक प्लास्टिकची एक डबी असते. तिच्या वरच्या तोंडाला सिलिकॉनचा जाड पडदा असतो, इंजेक्शनच्या कुपीच्या रबरी बुचासारखा. डबीला एक बारीक नळी जोडलेली असते. ही डबी कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत बसते. नळी मानेच्या शिरेतून आत जाते आणि तिचं टोक हृदयाच्या अगदी वरच्या मोठ्या शिरेत राहतं. त्या शिरेतून मिनिटाला साधारण दोन लिटर रक्त वाहतं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरेत हाच आकडा काही दहा मिलिलिटरचा असतो. जे औषध हाताची शीर जाळतं, ते तिथे पडल्या क्षणी पातळ होऊन पुढे जातं. पोर्टचा सगळा फायदा यातच आहे.

१. खरंच लागतो का, हे आधी विचारा

प्रत्येकाला पोर्ट लागत नाही. डोस थोडेच असतील, औषध शिरेला फारसं त्रास न देणारं असेल आणि हाताच्या शिरा चांगल्या असतील, तर हातावर भागतं. पोर्टचा विचार करायचा तो लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन, किंवा व्हिन्क्रिस्टिन अशी औषधं असतील तेव्हा. ती शिरेबाहेर गळली तर आतलं मांस सडू शकतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये फ्लुरोयुरॅसिल ४६ तास सलग चालवतात, तिथेही पोर्ट सोयीचा. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, लहान मुलांना महिनोन् महिने टोचायचं असतं, त्यांच्यासाठी तर वरदानच.

दुसरा पर्याय पिक लाइनचा. दंडातून घातलेली नळी, जिचं तोंड बाहेरच राहतं. ती स्वस्त पडते आणि घालायला सोपी असते, पण ड्रेसिंग दर आठवड्याला बदलावं लागतं आणि आंघोळीला रोज हात गुंडाळून बसावं लागतं. दोन-तीन महिन्यांचं काम असेल तर पिक, सहा महिने-वर्षभराचं असेल तर पोर्ट, असा माझा ढोबळ कल आहे. अंतिम शब्द अर्थात तुमच्या कॅन्सरतज्ज्ञाचा.

पैशाचं विचारायला संकोचू नका. नुसती पोर्टची किंमत विचारून भागत नाही. ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली, भूल, एक्स-रे आणि पुढे प्रत्येक वेळी लागणारी खास सुई, हे सगळं धरून आकडा घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर पोर्टचा खर्च त्यात बसतो का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

२. बाजू ठरवताना तोंड उघडा

शक्यतो पोर्ट उजव्या बाजूला बसवतात, कारण मानेतली उजवी शीर सरळ हृदयाकडे उतरते. पण स्तनाचा कॅन्सर असेल, काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा त्या बाजूला रेडिएशन द्यायचं असेल, तर पोर्ट विरुद्ध बाजूला. हे डॉक्टर बघतातच. पुढच्या गोष्टी मात्र त्यांना तुम्हीच सांगायच्या.

गाडी स्वतः चालवता का? आपल्याकडे ड्रायव्हरचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो, बरोबर पोर्टवरून. पर्स कुठल्या खांद्याला अडकवता? ब्लाउजचा गळा, ब्राचा पट्टा आणि मंगळसूत्र नेमकं कुठे टेकतं? एकदा नेहमीचा ब्लाउज घालून डॉक्टरांना दाखवा. डबी बोटभर आत-बाहेर सरकवणं टाका घालण्याआधी सोपं असतं, नंतर नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, प्रत्येकीचा हिशेब वेगळा असतो. आधी सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजण्याची आणि रक्त गोठण्याची तपासणी होते, प्लेटलेट फार कमी असतील तर तारीख पुढे जाते. मधुमेह असेल तर उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

३. बसवण्याचा दिवस

पुढून बटणं असलेला सैल शर्ट किंवा गाऊन घालून जा. मोठ्या माणसांना बहुधा जागेवरची भूल पुरते, लहान मुलांना पूर्ण भूल देतात. सोनोग्राफीत बघून मानेतली शीर पकडतात, छातीवर दोन-तीन सेंटिमीटरचा काप घेऊन डबीसाठी कप्पा करतात आणि नळी कातडीखालून ओढून घेतात. अर्ध्या ते एक तासाचं काम. दुखण्यापेक्षा ओढल्या-दाबल्यासारखं जास्त वाटतं. शेवटी एक्स-रे होतो, नळीचं टोक जागेवर आहे ना आणि फुप्फुसाला इजा नाही ना, हे बघायला.

त्या दिवशी घरी न्यायची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे पोर्टचं कार्ड. कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख आणि सीटी स्कॅनचा डाय, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, दाबाने सोडायला चालतं की नाही, हे सगळं त्यावर असतं. त्याचा फोटो रुग्णाच्या आणि सोबतच्या, अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा. फाइल हरवते, फोटो राहतो.

४. पहिले पंधरा दिवस

ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही. त्या बाजूच्या हाताने पाण्याची बादली, भरलेला कुकर, गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही, नातवंडालाही नाही. पण हात गळ्यात बांधून ठेवल्यासारखाही वागवू नका. खांदा आखडतो आणि मग तेच दुखणं होऊन बसतं. केस विंचरण्याइतकी हालचाल चालते.

दुखलं तर पॅरासिटॅमॉल घ्या, मात्र थर्मामीटर लावल्याशिवाय एकही गोळी नको. गोळीने ताप झाकला जातो आणि केमो चालू असलेल्या माणसाचा ताप झाकला जाणं परवडत नाही. दम लागला, मान किंवा तोंड सुजलं, त्या बाजूचा हात फुगून जड झाला किंवा ड्रेसिंग रक्ताने भरलं, तर सकाळची वाट न पाहता निघा.

५. सुई टोचताना डोळे उघडे ठेवा

बहुतेक रुग्ण या वेळी मान वळवून डोळे मिटतात. सुई बघायची नसेल तर नका बघू, पण सोबतच्या माणसाने बघितलंच पाहिजे.

टोचण्याआधी साधारण तासभर सुन्न करणारं मलम लावून ठेवता येतं, डॉक्टरांकडून लिहून घ्या. सिस्टरने हात धुवावेत, मास्क लावावा, निर्जंतुक हातमोजे घालावेत. कातडी क्लोरहेक्सिडिनने चांगली अर्धा मिनिट घासावी आणि ती आपोआप वाळू द्यावी. फुंकर मारून किंवा कापसाने टिपून नव्हे, कारण जंतू मरतात ते वाळण्याच्या त्या वेळात. मग सिस्टर डाव्या हाताच्या बोटांनी डबी कडेने घट्ट धरते, "मोठा श्वास घ्या" म्हणते आणि सुई सरळ काटकोनात आत घालते. डबीच्या तळाला सुई टेकली की हाताला टक् असं जाणवतं. त्यानंतर ती सिरिंज मागे ओढते.

मागे रक्त यायला हवं. गडद, सहज, ओढाताण न करता. रक्त आलं की दहा मिलि सलाईनने थोडं थांबत-थांबत फ्लश, म्हणजे नळी धुणं, आणि त्यानंतरच औषध. रक्त येत नसेल तर हात वर करा, मान वळवा, खोका, कूस बदला, बऱ्याचदा तेवढ्याने येतं. तरी नाही आलं तर केमोचं औषध सोडायचं नाही. "सलाईन तर जातंय ना, मग चालेल" हे उत्तर मान्य करू नका. नळीच्या टोकावर गुठळीचं किंवा फायब्रिनचं (रक्त गोठताना तयार होणाऱ्या तंतूंचं) आवरण धरलेलं असू शकतं, नळी सरकलेली किंवा चिरलेलीही असू शकते. डॉक्टर गरज पडल्यास गुठळी विरघळवणारं औषध सोडतात किंवा डाय सोडून एक्स-रे करतात. एक दिवस वाया जाईल, जाऊ दे.

सुई कोणती, हेही बघा. पोर्टला फक्त ह्यूबर सुई. सिएटलचे दंतवैद्य राल्फ ह्यूबर यांच्या नावाची ही सुई टोकाला किंचित वळलेली असते, त्यामुळे सिलिकॉनचा तुकडा न पाडता ती पडद्यातून जाते. या सुईने हजाराच्या घरात टोचलं तरी पडदा टिकतो. साध्या सुईने तो कोरला जातो आणि मग गळायला लागतो. सिरिंजही दहा मिलिची किंवा मोठी हवी. लहान सिरिंजने दाब जास्त होतो आणि नळी फुटू शकते. मोठ्या कॅन्सर केंद्रात हे सांगावं लागत नाही, छोट्या दवाखान्यात लागतं.

औषध चालू असताना पोर्टभोवती आग, सूज, दुखणं किंवा ड्रेसिंगखाली ओलसर जाणवलं तर लगेच हाक मारा. सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे असली तरी.

४६ तासांचा पंप लावून घरी सोडलं असेल तर नळी कपड्याच्या आतून घ्या आणि झोपताना पंप उशीशेजारी ठेवा. आंघोळ त्या दोन दिवसांत अंग पुसण्यापुरतीच. सुई निसटली किंवा नळी सुटली तर आधी क्लॅम्प, म्हणजे नळीवरची चिमटी, बंद करा आणि दवाखान्यात फोन करा. सांडलेलं औषध उघड्या हाताने पुसू नका, मुलांना लांब ठेवा. सुई आत ठेवलेलीच असेल तर जास्तीत जास्त सात दिवसांनी ती बदलायची.

६. फ्लशची तारीख

केमो चालू असताना दर डोसाला फ्लश होतच असतो. विसर पडतो तो केमो संपल्यावर. वापरात नसलेला पोर्टही ठराविक दिवसांनी सलाईनने धुवून घ्यावा लागतो, पुष्कळ ठिकाणी त्यावर हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून बंद करतात. कुठे दर चार आठवड्यांनी करतात, कुठे तीन महिन्यांनी. तुमच्या दवाखान्याचा नियम विचारा आणि कॅलेंडरवर पुढच्या तारखांना गोल करून ठेवा.

यवतमाळ-नांदेडकडून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांची अडचण इथेच आहे. दहा मिनिटांच्या फ्लशसाठी रात्रभर प्रवास आणि दोन माणसांचं भाडं. म्हणून शेवटच्या डोसाच्या दिवशीच डॉक्टरांकडून फ्लशचं पत्र लिहून घ्या. त्यात सुईचा नंबर, सलाईन किती, हेपरिन किती, सगळं असावं. दोन-तीन ह्यूबर सुया सोबत घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी केमोचं डे-केअर असेल तर तिथे पत्र दाखवून तारीख ठरवा. "आधी पोर्टला सुई टोचली आहे का?" हे सरळ विचारा. उत्तरात चाचरणं आलं तर दुसरी जागा शोधा. गावातल्या डॉक्टरांना अशक्तपणाचं सलाईन लावायचं असेल तर त्यांनी ते हाताला लावावं, पोर्टला हात लावू नये.

७. थंडी वाजली तर

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला की दवाखाना, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. एक खूण विशेष लक्षात ठेवा. फ्लश किंवा सलाईन झाल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आला, तर पोर्टमध्येच जंतू असण्याचा दाट संशय असतो. तिथे पोचल्यावर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी, रक्त पोर्टमधून आणि हातातून, असं दोन्हीकडून घेतात. कुठे आधी जंतू वाढतात त्यावरून पोर्ट वाचवायचा की काढायचा ते ठरतं. गोळी खाऊन, गोधडी घेऊन झोपणं हा इथला सगळ्यात महागडा उपाय आहे.

रोजच्या जगण्यात बाकी फार बंधनं नाहीत. जखम भरल्यावर आणि सुई आत नसताना आंघोळ, पोहणं, स्वयंपाक, प्रवास सगळं चालतं. विमानतळावर अडत नाही, बहुतेक पोर्ट एमआरआयलाही चालतात, तरी कार्ड दाखवा. पोर्टवर तेलमालीश नको आणि बोटाने डबी फिरवत बसण्याची सवय नको, डबी आतल्या आत उलटू शकते. सीटी स्कॅनला गेलात तर पोर्ट दाबाचा आहे की साधा, हे तंत्रज्ञाला स्वतःहून सांगा. साध्या पोर्टमधून मशीनने डाय सोडला तर नळी फाटण्याची भीती असते.

८. काढताना

केमो संपला की काही जणांना पोर्ट त्याच आठवड्यात काढायचा असतो, काही जण तो पाच वर्षं सांभाळतात. आजार उलटण्याची शक्यता किती, पुढे काही इंजेक्शनं आहेत का आणि फ्लशला जाणं किती जमतं, या तीन गोष्टी डॉक्टरांसमोर मांडून ठरवा. फ्लश होणारच नसेल तर नुसता ठेवून देण्यापेक्षा काढलेला बरा. काढणं बसवण्यापेक्षा सोपं, जागेवरच्या भुलेत, जुन्याच व्रणातून. डिस्चार्जच्या कागदावर "नळी पूर्ण लांबीची निघाली" असं लिहून घ्या आणि टाके काढायची तारीख विचारूनच बाहेर पडा.