ॲरिझोनात हिवाळी घर घेताय? आधी तिथला उन्हाळा बघा

मिनेसोटा, शिकागो, मिशिगनकडची आपली मंडळी निवृत्तीला आली की दर हिवाळ्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "ॲरिझोनात छोटंसं घर घ्यावं म्हणतोय, तुम्ही एवढी वर्षं जाताय, काय सांगाल?" मी आधी विचारते, बघायला कधी जाताय? उत्तर बहुतेक वेळा फेब्रुवारी असतं. फेब्रुवारीत फिनिक्सच्या आसपास दुपारचं तापमान सत्तर फॅरेनहाइटच्या घरात, आकाश निरभ्र, अंगणात संत्री आणि ग्रेपफ्रूट लगडलेली. आणि आपल्याकडे ड्राइव्हवेवर फूटभर बर्फ. अशा वेळी दाखवतील ते घर आवडतं. म्हणून माझं एकच सांगणं असतं, निदान एकदा जूनच्या शेवटी जाऊन या. तुम्ही तिथे पाच महिने राहणार. उरलेले सात महिने घर एकटं राहणार, आणि ते सगळे उन्हाचे. किंमत हिवाळ्याकडे बघून मोजली जाते, पण दुरुस्त्या, विमा, देखरेख हा पुढचा सगळा खर्च उन्हाळा ठरवतो.

"आम्ही नागपूरचे, आम्हाला ऊन काय सांगता?" असं म्हणणारे बरेच भेटतात. मीही विदर्भातलीच आहे, मे महिना अंगावर काढलेली. पण २०२३ मध्ये फिनिक्सला ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्या वर होता. आणि शहरात कित्येक रात्री नव्वदच्या खाली उतरत नाहीत. जुन्या घरांच्या छतावर अजून कूलर दिसतात. ते मे-जूनमध्ये उत्तम चालतात; जुलैत तिथला पावसाळा सुरू होऊन हवा दमट झाली की आपल्याकडच्या कूलरसारखेच निकामी होतात. कूलरच्या भरवशावर घर घेऊ नका, चांगला एसी हवाच.

आता जागा कुठे बघायची ते. इथे घाई केलेले लोक मी नंतर घर विकताना पाहिले आहेत. म्हणून पहिला मोसम भाड्याने राहा, तीन महिने तरी. फिनिक्स हे शहर म्हणजे एक मोठं पसरलेलं खोरं आहे आणि त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तास सहज जातो. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीने कापसाच्या शेतांवर वसवलेली सन सिटी ही ज्येष्ठांची वसाहत १ जानेवारी १९६० ला उघडली, १९७८ मध्ये शेजारी सन सिटी वेस्ट सुरू झाली. दोन्ही खोऱ्याच्या वायव्येला. रस्ते गोलाकार, घरं बुटकी, अंगणात गवताऐवजी खडी (कुणी कुणी ती हिरवी रंगवूनही घेतात), आणि रस्त्यावर गाड्यांइतक्याच गोल्फ कार्ट. सुतारकाम, मातीकाम, दगडांना पैलू पाडणं, पत्ते, पोहणं, सगळ्याचे क्लब आहेत आणि ते खरोखर भरलेले असतात. दोन्हीकडे मोठी रुग्णालयं जवळ आहेत. ज्यांना नवीन काही शिकायचं आहे, शेजारच्या आयोवा-विस्कॉन्सिनच्या मंडळींशी मैत्री करायची आहे, त्यांना तिथे फार बरं वाटतं. मी त्यातलीच एक.

पण आपली माणसं राहतात ती आग्नेयेला: चँडलर, टेंपी, गिल्बर्ट. चिप बनवणाऱ्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्यांमुळे तिथे भारतीय वस्ती वाढली, आणि बहुतेक किराणा, डोसा, गणपतीचे कार्यक्रम त्याच बाजूला. सन सिटीहून कार्यक्रमाला गेलात तर रात्री दहाला फ्रीवेवरून तासभर गाडी हाकत परत यायचं. पासष्टाव्या वर्षी ते जमतं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नाही. ज्यांना संध्याकाळी चार मराठी शब्द बोलल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी चँडलरला लागून असलेली सन लेक्स ही ज्येष्ठांची वसाहत आधी बघावी. आणखी दक्षिणेला मॅरिकोपा गावात महागणपतीचं देऊळ आहे आणि त्याच गावात प्रॉव्हिन्स नावाची ५५ वर्षांवरील लोकांची वसाहत आहे. टूसान शहराच्या दक्षिणेची ग्रीन व्हॅली उंचावर असल्यामुळे फिनिक्सपेक्षा चार-सहा अंशांनी थंड. शांतता हवी असेल तर चांगली, पण तिथे आपली वस्ती विरळ.

या वसाहतींचे वयाचे नियम नीट समजून घ्या. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानुसार राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून जास्त वयाचा असावा लागतो. बाकीचे नियम वसाहत स्वतः ठरवते. नवरा ५८ चा आणि बायको ५२ ची असेल तर सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती नातवंडांची. ती पाहुणी म्हणून येऊ शकतात, पण वर्षाला ठरावीक दिवसच, आणि पोहण्याच्या तलावावर मुलांच्या वेळा वेगळ्या असतात. मुलगी सहा महिन्यांचं बाळ घेऊन माहेरपणाला येणार असेल तर नियमावली आधी वाचा. भारतातून आलेल्या सासूबाईंना मात्र कुणी काही म्हणत नाही.

पैशांच्या बाबतीत एजंट जी गोष्ट सगळ्यांत शेवटी सांगतो ती तुम्ही सगळ्यांत आधी विचारा: घर घेताना एकदाच भरायची रक्कम किती आणि दरवर्षीची किती? सन सिटीसारख्या ठिकाणी रिक्रिएशन सेंटरसाठी खरेदीच्या वेळी काही हजार डॉलर वेगळे द्यावे लागतात. काँडो (म्हणजे फ्लॅट) असेल तर त्याची असोसिएशन वेगळी. तिच्या गंगाजळीत किती शिल्लक आहे ते कागदावर मागा, नाहीतर छप्पर बदलायची वेळ आली की सगळ्यांच्या माथी जादा वर्गणी बसते. मेसा आणि अपाची जंक्शनकडे फार स्वस्त घरं दिसतील. त्यांतली बरीच कारखान्यात बनवून आणून ठेवलेली, म्हणजे मोबाइल होम: घर तुमचं, पण जमीन भाड्याची. भाडं वाढलं तर घर उचलून नेणं जवळपास अशक्य. मी कुणालाही ते सुचवत नाही.

ॲरिझोनाच्या नेहमीच्या करारात तपासणीला दहा दिवस मिळतात. ते दहा दिवस वाया घालवू नका. जानेवारीत बाहेर साठच्या खाली असेल तर तपासनीस एसी थंडाव्यावर चालवून बघत नाही, कारण त्याने कॉम्प्रेसर बिघडू शकतो. म्हणजे ज्या यंत्रावर घराचा उन्हाळा अवलंबून आहे, तेच न तपासता घर तुमच्या नावावर होतं. युनिटवरची पाटी वाचा: वर्ष कोणतं, गॅस कोणता. आर-२२ गॅसचं उत्पादन अमेरिकेत २०२० पासून बंद झालंय, त्यामुळे त्या गॅसचा जुना एसी म्हणजे लवकरच नवा एसी. कौलांचं छत दिसायला शंभर वर्षांचं, पण कौलांखालचा कागद वीस-तीस वर्षांत उन्हाने कडक होऊन फाटतो. छपरावर माणूस चढवून तो बघून घ्या. साठच्या दशकातल्या घरांत गंजणारे लोखंडी पाइप असू शकतात. वाळवीची तपासणी वेगळी करा, वाळवंटात वाळवी नसते हा गैरसमज आहे. आणि घराला पाणी कोण पुरवतं ते विचारा. २०२३ च्या सुरुवातीला स्कॉट्सडेलने शहराबाहेरच्या रिओ व्हर्दे फूटहिल्सला टँकरने जाणारं पाणी थांबवलं आणि तिथली शेकडो घरं अडचणीत आली. जुन्या, मोठ्या वसाहतींना हा धोका कमी आहे.

एप्रिलमध्ये घर बंद करताना एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. पाण्याची मुख्य तोटी बहुधा पुढच्या भिंतीवर, बागेच्या नळाजवळ असते. ती बंद करून आतले नळ उघडून पाइप रिकामे करायचे. पण झाडांच्या ठिबकची नळी त्या तोटीच्या अलीकडूनच फुटलेली असते, ती चालू राहिली पाहिजे, नाहीतर ऑक्टोबरमध्ये संत्र्याच्या जागी काटक्या मिळतील. संत्र्याचे बुंधे पांढरे रंगवून घ्या, उन्हाने साल तडकते. पाणी गरम करायच्या टाकीचा ब्रेकर खाली. थर्मोस्टॅट ८५ वर. तो पूर्ण बंद करू नका, लाकडी कपाटं वाकतात आणि टाइल्सच्या फटी उकलतात. मग बेसिन, शॉवर, कमोड: यांच्या खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सात महिन्यांत आटतं आणि गटारातून वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. मी प्रत्येक जाळीत पाण्यावर दोन चमचे खायचं तेल ओतते, कमोडवर प्लास्टिकची फिल्म ताणून बसवते आणि वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवते, म्हणजे परतल्यावर कुणी घाईत बसायला नको. कणीक, बेसन, रवा काही मागे ठेवायचं नाही. कुकरची रिंग काढून बरोबर न्या, तिथे ती सुकून चिरते. ऑक्टोबरमध्ये परत आलात की पहिल्या रात्री अतिनील दिव्याची बॅटरी घेऊन मागची भिंत बघा. विंचू त्या प्रकाशात हिरवे चमकतात.

किल्ली मात्र जवळपास बारा महिने राहणाऱ्या माणसाकडे द्या. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये घर ३० किंवा ६० दिवस रिकामं असेल तर पाण्याने झालेलं नुकसान भरून मिळत नाही, किंवा ठरावीक दिवसांनी कुणी तरी बघून जातं याचा पुरावा लागतो. विमा घेताना "आम्ही सात महिने नसतो" हे लेखी सांगा. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) खजिनदाराकडे उत्तरेकडचा पत्ता नोंदवा, कारण मालमत्ता कराचा पहिला हप्ता १ ऑक्टोबरला लागू होतो आणि १ नोव्हेंबरनंतर त्यावर व्याज चढतं. बिल सप्टेंबरमध्ये निघतं, तेव्हा तुम्ही तिथे नसता.

तब्येतीचं सगळ्यांत महत्त्वाचं. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सगळ्या राज्यांत चालतं, पण त्याऐवजी खासगी कंपन्यांकडून घेतात त्या मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या एचएमओ (ठरावीक डॉक्टरांच्याच) योजना आपल्या भागापुरत्या असतात. ॲरिझोनात तातडीच्या उपचारांपलीकडे त्या हात वर करतात. पासष्टाव्या वर्षी योजना निवडतानाच याचा विचार करा, कारण नंतर मूळ मेडिकेअरवर येऊन जोडीला पूरक विमा घेताना बहुतेक राज्यांत तब्येतीचे प्रश्न विचारले जातात. दुसरं, व्हॅली फीव्हर. तिथल्या मातीतली एक बुरशी धुळीबरोबर फुप्फुसात जाते. ताप, खोकला, महिनोन्‌महिने न जाणारा थकवा अशी लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर तुम्ही मिनियापोलिसला परतलेले असता, आणि तिथला डॉक्टर न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देतो. मधुमेह असेल तर हा आजार जास्त त्रास देऊ शकतो, आणि मधुमेह आपल्यात घरटी एक आहे. डॉक्टरला स्वतःहून सांगा, "मी हिवाळा ॲरिझोनात काढला, व्हॅली फीव्हरची रक्त तपासणी करा."

करांचं थोडक्यात: ॲरिझोनाचा प्राप्तिकर २.५ टक्के सरसकट आहे आणि सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) राज्याचा कर नाही, म्हणून अनेकांना तिथले रहिवासी व्हायचं असतं. पण मिनेसोटात घर ठेवून वर्षात १८३ दिवस किंवा जास्त राहिलात तर मिनेसोटा तुम्हाला सोडत नाही. दिवसांचा हिशेब विमानाच्या तिकिटांसकट ठेवा. कॅनडातल्या, कॅलगरी-टोरांटोच्या मंडळींनी घर घेण्याआधीच दोन्ही देशांचे कर जाणणारा सल्लागार गाठावा. विदेशी मालकाने घर विकलं की सहसा विक्रीच्या रकमेतले १५ टक्के आधीच कापून ठेवले जातात.

राहिलं घर नावावर करणं. नवरा-बायकोंनी डीडमध्ये (खरेदीखतात) "कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप" असं लिहून घ्यावं, म्हणजे एकाच्या मागे दुसऱ्याला कोर्टात जावं लागत नाही. दोघांनंतर मुलांना ॲरिझोनाच्या कोर्टाचे हेलपाटे नकोत म्हणून बेनिफिशरी डीड, म्हणजे आपल्यामागे घर कुणाला जावं ते सांगणारा दस्त, करता येतं. ते वकिलाकडून करून घ्या, आणि सही करून ड्रॉवरमध्ये ठेवू नका: आपण हयात असताना काउंटी रेकॉर्डरकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) नोंदलं असेल तरच ते चालतं.