अबाउटच्या खिडकीत कोणाकोणाची नावं घालायची

माझ्या नोंदवहीच्या ॲपच्या अबाउट, म्हणजे ‘ॲपविषयी’ खिडकीतली श्रेयनामावली पहिल्यांदा केली तेव्हा गिट शॉर्टलॉग (कोडमधल्या बदलांच्या नोंदींवरून ते करणाऱ्यांची यादी देणारी आज्ञा) चालवलं, आलेली नावं जशीच्या तशी चिकटवली आणि मोकळा झालो. चुकलंच ते. अनुवाद करणारी मैत्रीण फायली मेलवर पाठवायची, कमिट, म्हणजे त्या बदलांची गिटमध्ये नोंद, मी करायचो. यादीत तिच्या कामावर माझंच नाव लागलं. अजून टोचतं.

तेव्हापासून सुरुवात कोडपासून करत नाही. आधी बंद झालेले इश्यू, म्हणजे निकाली निघालेल्या तक्रारी-सूचना, वाचतो: क्रॅशचा लॉग कोणी दिला, प्रत्येक बीटा (चाचणी आवृत्ती) कोणी तपासली. मग गिट. एकच माणूस दोन ईमेलमुळे दोनदा दिसत असेल तर मेलमॅप फाइलमध्ये जुळवून घ्या. आणि नाव छापण्याआधी ज्याचं त्याला विचारा, काहींना टोपणनावच हवं असतं.

जीटीके या ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचाच्या अबाउट डायलॉगमध्ये लेखक, चित्रकार, मदतपुस्तिका लिहिणारे यांचे रकाने वेगळे असतात. अनुवादकांचा रकाना भाषांतरासाठी खुला ठेवा, म्हणजे प्रत्येक अनुवादक तिथे आपलं नाव भरतो आणि ॲप ज्या भाषेत उघडलं त्याच भाषेच्या अनुवादकाचं नाव दिसतं.

वापरलेल्या साहित्याचं श्रेय मात्र ऐच्छिक नाही. एमआयटी या मुक्त परवान्याची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेतलीत तर तिची कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर ॲपसोबत द्यावाच लागतो. सीसी बाय ४.० (श्रेय देण्याच्या अटीवर वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) चं आयकन असेल तर निर्मात्याचं नाव, परवान्याची लिंक, आणि रंग बदलला असेल तर तसा उल्लेखही. फॉन्टची परवाना-फाइल हमखास राहून जाते. तयार पॅकेज उघडून ती आत आहे ना, स्वतः बघा.