बर्गनमध्ये सहा तास: आधी डोंगर, मग धक्का

नॉर्वेच्या क्रूझवर बर्गनला मिळतात जेमतेम सहा-सात तास. आम्ही त्यातला पहिला तास बोटीवर इडली शोधण्यात घालवला आणि दुसरा डोंगरावर जाणाऱ्या फ्लॉयबानेन रेल्वेच्या रांगेत. तुम्ही तसं करू नका.

आदल्या रात्री बोटीच्या पत्रकात धक्क्याचं नाव बघा. स्कोल्टेन असेल तर बर्गनहूस किल्ल्याच्या कडेने दहा-पंधरा मिनिटांत चालत गावात. येक्तेविकेन असेल तर अंतर थोडं जास्त. परतीची वेळ बोटीच्या घड्याळाची की गावच्या, तेही विचारून ठेवा. इंग्लंडहून निघालेल्या बोटींत हा एका तासाचा घोळ होतो.

उतरलात की थेट डोंगर. फ्लॉयबानेन ही 1918 पासूनची, दोरावर ओढली जाणारी रेल्वे पाच-सहा मिनिटांत 320 मीटर उंचीवर नेते. तिकीट ऑनलाइन काढा. बाकीच्या बोटींचे लोक उतरले की रांग रस्त्यावर येते. वर ढग असले तर? दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा हटतात. गुडघे शाबूत असतील तर उतरताना चाला, झाडीतून पाऊण तासाची छान वाट आहे. आमच्या ह्यांचे नव्हते, म्हणून आम्ही गाडीनेच.

छत्री बोटीवरच ठेवा, रेनकोट घ्या. इथला वर्षाचा पाऊस जवळपास मुंबईइतकाच, फक्त आपला चार महिन्यांत कोसळतो आणि यांचा दोनशेहून जास्त दिवस पुरवून पुरवून पडतो. वर वारा. माझी छत्री पाच मिनिटांत उलटली.

मग ब्रिगेन, म्हणजे जुन्या धक्क्यावरची लाकडी घरांची रांग. समोरून फोटो काढून बहुतेक जण निघून जातात, तिथेच चुकतात. दोन घरांमधल्या बोळात शिरा. पायाखाली फळ्या, डोक्यावर एकमेकांकडे कललेल्या माड्या, डांबर लावलेल्या जुन्या लाकडाचा वास. आत एका चौकात भलामोठा लाकडी मासा आहे. तो सुकवलेला कॉड, आणि या सगळ्याचं मूळ तोच! 1360 च्या सुमारास हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे पेढी थाटली. उत्तरेकडून सुका मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. आपल्याकडच्या सुकटीच्या बाजाराचंच हे थोरलं भावंड म्हणा. आगीच्या भीतीने या घरांत चूल पेटवायला बंदी होती, स्वयंपाक मागच्या वेगळ्या इमारतींत. तरी 1702 मध्ये सगळं जळलंच. पुन्हा बांधलं ते जुन्याच आखणीवर, आणि 1979 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

मासळीबाजार बघा, पण जेवायला बसण्याआधी पाटीवरचे भाव वाचा आणि मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करू नका. पैसे क्रोनमध्ये, कार्ड सगळीकडे चालतं. त्यापेक्षा बेकरीतून एक-एक शिलिंग्सबोले घ्या, दालचिनीचा गोड पाव. बर्गनहूसच्या हिरवळीवर बसून खा. तिथून स्कोल्टेनला लागलेली बोट दिसते, त्यामुळे शेवटची पंधरा मिनिटं तरी घड्याळ बघावं लागत नाही.