परसातल्या पर्गोल्याचा रंग: या चुका टाळा

बेळगाव-खानापूर भागात परसात पर्गोला, म्हणजे खांबांवर आडव्या पट्ट्यांचा उघडा मांडव, उभारणारे वाढलेत, आणि रंग फसला म्हणून मला बोलावणारेही. वेल्डर, सुतार आपलं काम चोख करून जातात. घोळ होतो तो रंगाच्या दुकानात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पांढराशुभ्र रंग. खानापूरजवळ एका घरी मे महिन्यात लोखंडी पर्गोला रंगवला. घरातल्या मुलानं मोबाइलवर फोटो दाखवला, "काका, असाच पांढरा पाहिजे बघा." मी पायाखालची तांबडी माती दाखवली, पण वास्तुशांत तोंडावर होती, कुणाला थांबायचं नव्हतं. मृगाचा पाऊस लागला आणि खांब गुडघ्यापर्यंत तांबडे झाले. ओलं फडकं फिरवलं की डाग आणखी पसरायचा. गणपतीपर्यंत वरच्या पट्ट्यांच्या सांध्यांत शेवाळाच्या हिरव्या रेघा उमटल्या. दिवाळीआधी सगळं घासून पुन्हा रंगवलं, मजुरी दोनदा गेली.

जुन्या घरांच्या भिंतींना तळाशी कावेचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, पट्टा असायचा. मातीचे शिंतोडे त्यात लपतात. मी आजही तेच करतो: खांबाचा खालचा दीड-दोन फूट मातीशी मिळताजुळता तपकिरी, वर दुधी किंवा बदामी. निपाणीकडे काळी माती, तिथे खाली गडद करडा.

दुसरी चूक, दोन बोटं रुंद शेडकार्डावरून रंग ठरवणं, तेही ट्यूबलाइटखाली. पर्गोला आपण खालून बघतो. वर लख्ख आकाश असतं, त्यामुळे पट्ट्यांची आपल्याकडची बाजू सावलीत जाऊन काळपट दिसते. कार्डावरचा चॉकलेटी वर चढला की काळाच वाटतो. म्हणून एक-दोन शेड फिकटच घ्या. मी दोन फुटी प्लायच्या फळीवर दोन हात मारतो, फळी वर आडवी बांधतो आणि सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीआधी खालून बघायला लावतो. तांब्याभर पाणी ओतून ओलीही बघायची, कारण आपल्याकडे चार महिने पर्गोल्याच्या पट्ट्या ओल्याच असणार. स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही बघा, घरातली माणसं जास्त वेळ तिथूनच बघतात. यात चार दिवस जातात. ज्यांना चार दिवस धीर नाही, त्यांचं काम मी घेत नाही.

रेड ऑक्साइडवर, म्हणजे लोखंडाला गंजू नये म्हणून आधी मारतात त्या तांबड्या अस्तरावर, थेट पिवळा किंवा क्रीम मारू नका, तांबूस झाक वर येते. मध्ये पांढऱ्या प्रायमरचा एक हात हवाच. दुकानदार "गरज नाही" म्हणाला तरी.

लोखंडाला काळा रंग नको, एप्रिलच्या उन्हात हात लावता येत नाही.

सागवान असेल तर ऑइलपेंटनं त्याच्या रेषा बुजवू नका. बाहेर चालणारं पारदर्शक पॉलिश पुरे.

मधुमालती चढवणार असाल तर रंगावर फार डोकं शिणवू नका, पण वेल लावायच्या आधी सगळे हात पूर्ण करा. नंतर ब्रश आत शिरत नाही.

मशीनवर बनवलेला रंग लागेल तेवढा एकदाच घ्या, सगळे डबे एका बादलीत एकत्र ढवळा. अर्धा लिटर बाजूला ठेवून शेडचा नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं कोरून ठेवा. कागदाची चिठ्ठी पहिल्याच पावसाळ्यात गळून पडते.