अंगावर औषधाचा पॅच आहे? मग शेक, ऊन आणि गरम पाणी कसं सांभाळायचं

जानेवारीतली गोष्ट, पुण्यात चांगलीच थंडी पडली होती. आमच्या सासूबाईंना पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाचा पॅच (त्वचेतून हळूहळू औषध सोडणारी चिकटपट्टी) दिला होता, सात दिवस अंगावर ठेवायचा, आठव्या दिवशी नवीन. एका संध्याकाळी नणंद भेटायला आली, आईंची पाठ दुखतेय म्हटल्यावर तिने मायेनं तव्यावर ओवा गरम केला, फडक्यात पुरचुंडी बांधून तासभर पाठ शेकली आणि मग गरम पाण्याची पिशवी पाठीशी ठेवून त्यांना झोपवलं. मी नऊला दुकान बंद करून घरी आले तर आई उठतच नव्हत्या, हाक मारली की डोळे उघडायच्या, "हं" म्हणायच्या आणि परत डोळे मिटायच्या. पिशवी उचलली, खालच्या पॅचला बोट लावलं, तर तो चांगला गरम होता.

पॅच काढला, डॉक्टरांना फोन केला, रात्र हॉस्पिटलमध्ये गेली. पहाटे आईंनी चहा मागितला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. नणंदेची काही चूक नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं स्वतःचं कोथरूडला मेडिकल आहे, पॅच कसा चिकटवायचा ते मी काउंटरवर कितीतरी जणांना सांगते, पण त्यावर शेक द्यायचा नाही हे घरातल्या माणसांना सांगायचं राहिलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, जाडी फक्त १० ते २० मायक्रोमीटर, पण औषधाला अडवतो तो हाच. त्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात आणि ते थंडीत थिजलेल्या तुपासारखे वागतात, ऊब लागली की सैल पडतात. त्वचा वरून एरवी ३२ अंशांच्या आसपास असते. ती तापली की एकाच वेळी तीन गोष्टी होतात, पॅचमधलं औषध भरभर बाहेर येतं, तो तुपासारखा थर त्याला सहज आत सोडतो, आणि खालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे रक्त ते झपाट्याने शरीरभर घेऊन जातं. म्हणजे पॅच तोच, त्यावर छापलेला डोस तोच, पण शरीरात जाणारं औषध जास्त. फेंटानिलच्या पॅचच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की अंगाचं तापमान ४० अंशांवर गेलं तर रक्तातलं औषध साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं, आणि हा तर नुसत्या तापाचा हिशोब झाला, वरून पिशवी ठेवली तर काय होईल ते वेगळंच.

आता करायचं काय. सगळ्यात आधी पॅच कुठला आहे ते बघा. फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन हे तीव्र दुखण्याचे पॅच, नायट्रोग्लिसरीनचा हृदयाचा, निकोटिनचा सिगरेट सोडायचा, रिव्हास्टिग्मिनचा विसरभोळेपणाच्या आजाराचा, हे सगळे लावतात त्वचेवर पण काम करतात रक्तातून, म्हणून यांना उष्णतेपासून जपायचंच. त्यातही पहिले दोन सगळ्यात धोक्याचे कारण ते जास्त झाले तर श्वास मंदावतो. नायट्रोग्लिसरीन जास्त गेलं तर बीपी एकदम खाली येतं, उभं राहिलं की गरगरतं. पाकिटावरचं नाव कळलं नाही तर दुकानात दाखवा, संकोच करू नका.

जागा निवडताना रोज शेक कुठे घेता ते आठवा. कंबर शेकायची सवय असेल तर पॅच दंडावर किंवा छातीच्या वरच्या भागावर लावता येईल का ते डॉक्टरांना विचारा. जागा साध्या पाण्याने धुवा, साबण, तेल, स्पिरिट काही नको, केस असतील तर कात्रीने कापा, रेझर फिरवू नका कारण बारीक ओरखड्यांतूनही औषध जास्त शिरतं. आंघोळ करून लगेच लावू नका, गीझरच्या कढत पाण्याने अंग लाल झालेलं असतं, ते निवू द्या, नीट कोरडं होऊ द्या, मग तळव्याने ३० सेकंद दाबून धरा. ब्युप्रेनॉर्फिनच्या पॅचला एकदा वापरलेली जागा पुढचे तीन आठवडे परत वापरायची नाही, आम्ही कॅलेंडरवर "डावा दंड", "उजवा दंड" असं लिहून ठेवतो.

मग रोजचं वागणं. गरम पाण्याची पिशवी, ओव्याची किंवा विटेची शेक, इलेक्ट्रिक ब्लँकेट, हीटिंग पॅड, वाफेची आंघोळ, पॅचच्या आसपास यातलं काहीच नको, आणि "मधे टॉवेल ठेवलाय" म्हणून चालत नाही, ऊब टॉवेलातूनही जाते. दिवाळीचं अभ्यंग असेल तर तेल पॅचपासून लांब ठेवा आणि पाणी कोमट घ्या. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी बाहेर पडावंच लागलं तर पॅचवर सैल सुती कपडा असू द्या आणि सावली धरून चाला. सकाळी पर्वती नाहीतर हनुमान टेकडी चढणाऱ्यांनाही सांगते, जोराच्या व्यायामाने अंग आतूनच तापतं, त्यामुळे पॅच सुरू असेपर्यंत टेकडी चढायची का, किती चढायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लेह-मनालीला जाताना लोक हँड वॉर्मरच्या पुड्या नेतात, त्या पॅचजवळच्या खिशात ठेवू नका.

ताप आला तर हे जास्त महत्त्वाचं. दुखण्याचा पॅच असताना ताप चढला की तो उतरेल म्हणून वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, डोस कमी करायचा का ते तेच ठरवतील. स्वतःच्या मनाने पॅच अर्धा कापणं तर अजिबात नको, त्याने औषध एकदम सांडल्यासारखं अंगात जाऊ शकतं.

आता याची दुसरी बाजू, कारण उष्णता मोजून-मापून दिली तर कामाचीही असते. लहान मुलाला सलाईनची सुई लावायची असेल तर आधी भूल देणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम लावतात, त्याला साधारण एक तास लागतो आणि तोपर्यंत मूल रडून आणि आई-बाप बघून थकतात. हा वेळ वाचवायला अमेरिकेत २००५ साली सिनेरा नावाच्या पॅचला मंजुरी मिळाली. त्यात लिडोकेन आणि टेट्राकेन प्रत्येकी ७० मिलीग्रॅम, आणि वरच्या बाजूला लोखंडाची पूड, कोळशाची पूड, मीठ, लाकडाचा भुसा आणि पाणी. पाकीट फोडलं की हवा आत जाते, लोखंड गंजायला लागतं आणि गंजताना ऊब निर्माण होते. वरच्या कव्हरला बारीक भोकं असतात, हवा तेवढीच आत येते म्हणून ऊबही तेवढीच राहते, त्वचा साधारण ५ अंशांनी तापते आणि ४० च्या पुढे जात नाही. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, थर्मामीटर नाही, बॅटरी नाही, नुसत्या भोकांच्या मापावर उष्णता ताब्यात ठेवलीय.

असा पॅच कधी लावायची वेळ आली तर पाकीट अगदी लावतानाच फोडायचं, कारण फोडल्याबरोबर तापायला सुरुवात होते. त्वचा अखंड हवी, जखम नको. रक्त घ्यायला किंवा सुई लावायला २० मिनिटं आधी, तीळ-मस काढण्यासारख्या छोट्या कामाला ३० मिनिटं आधी. वरची भोकं हाताने किंवा पट्टीने झाकू नका, झाकली की तो तापतच नाही. कापू नका, आणि लवकर व्हावं म्हणून वरून आणखी शेक देऊ नका. एमआरआय असेल तर आधी काढा, आत लोखंड आहे. हे चालतं कारण वेळ थोडा, औषध थोडं आणि उष्णतेला वर मर्यादा घातलेली. घरच्या पिशवीतलं पाणी ५० अंशांचं आहे की ७० अंशांचं हे कोण मोजतं, आणि खाली दुखण्याच्या पॅचमध्ये तर तीन किंवा सात दिवसांचं औषध भरलेलं असतं.

पॅच नसला तरी दोन गोष्टी सांगून ठेवते. इन्सुलिन घेतल्यावर लगेच कढत पाण्याने आंघोळ किंवा त्या जागेवर शेक नको, इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि शुगर अचानक उतरते. आणि गुडघ्याला बाम चोळून त्यावर हीटिंग पॅड घट्ट बांधायची आपल्याकडे फार सवय आहे, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या बामने असं केलं की कातडी भाजते, फोड आलेले पाय मी काउंटरच्या अलीकडून पाहिलेत. बाम तरी लावा नाहीतर शेक तरी घ्या.

चुकून पॅच तापलाच तर आधी उष्णता बाजूला करा आणि माणसाला हाक मारा. दुखण्याचा पॅच असेल आणि माणूस गुंगीत असेल, श्वास हळू किंवा तुटक चालला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या असतील, तर पॅच काढा, जागा साध्या पाण्याने पुसा आणि १०८ ला फोन करा. पॅच काढला म्हणजे झालं असं समजून झोपू देऊ नका, त्वचेत साठलेलं औषध पुढेही कित्येक तास रक्तात जात राहतं. काढलेला पॅच हॉस्पिटलमध्ये सोबत न्या, त्यावरचं नाव आणि ताकद डॉक्टरांना लगेच कळते.

नवीन पॅच मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवून फिरू नका, घरातही ओट्याजवळ नको, कपाटात ठेवा. वापरून झालेल्या पॅचमध्ये बरंच औषध शिल्लक असतं, चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. आमच्याकडे सकाळी कचरा घ्यायला ताई येतात, त्या हाताने वेगळा करतात, म्हणून मी तो कचऱ्यात टाकत नाही, डबीत जमवते आणि पुढच्या व्हिजिटला हॉस्पिटलच्या फार्मसीत परत देते.