सोसायटीच्या ग्रुपवर माज न दाखवता वसुली, लिकेज आणि पार्किंगचं कसं बोलायचं

सोसायटीच्या कमिटीवर नवीन आलेल्यांसाठी लिहितोय, आणि कमिटीवर नसून ग्रुपवर रोज भांडणाऱ्यांसाठी पण. ठाणे, डोंबिवली, पुणे कुठेही जा, २०-३० फ्लॅटची बिल्डिंग असली तरी प्रश्न तेच असतात, कोणाचं मेंटेनन्स थकलंय, वरच्यांच्या बाथरूममधून खाली गळतंय, कोणीतरी भलत्याच जागेवर गाडी लावलीये, टँकरचे पैसे कोण देणार. ह्यातला एकही प्रश्न एवढा मोठा नाही की त्याच्यापायी माणसांनी वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये तोंड फिरवून उभं रहावं. पण रहातात, कारण कोणीतरी रागाच्या भरात काहीतरी टाईप केलेलं असतं आणि ते सगळ्या बिल्डिंगने वाचलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढे गैरसमज नको. नम्र बोलायचं म्हणजे नमतं घ्यायचं असं नाही. पैसे पूर्ण मागायचे, व्याजासकट मागायचे, तारीख घालून मागायचे. फक्त समोरच्याची लायकी, शिक्षण, पगार, भाषा, बायको, पोरं ह्यातलं काहीही मधे आणायचं नाही. मुद्दा जेवढा कडक ठेवायचाय तेवढा ठेवा, माज तेवढा काढून टाका.

आता माज दिसतो कुठे? शिवीगाळ सगळ्यांना कळते, पण आपल्याकडे सुशिक्षित माज जास्त असतो आणि तो करणाऱ्याला वाटतं आपण किती सभ्य बोललो. "काही लोकांना सवयच आहे" हा त्यातला नंबर एक. नाव घेतलं नाही म्हणजे सभ्यपणा झाला असं वाटतं पण काही लोक कोण ते वॉचमनला पण माहीत असतं. नंबर दोन, "समझनेवाले को इशारा काफी है", आणि खाली हात जोडलेला इमोजी. नंबर तीन, "आधी बायलॉज वाचून या मग बोला". नंबर चार, "मॅडम हे टेक्निकल आहे, तुमच्या मिस्टरांना पाठवा", इथे गंमत म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव बऱ्याचदा मॅडमचंच असतं, म्हणजे मेंबर त्याच. आणि मग "भाडेकरूंनी ह्यात पडू नये", "आम्ही १९९८ पासून रहातोय". माझ्या मते ह्यातलं शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्याच्यावर समोरचा काही उत्तरच देऊ शकत नाही, तो मागे जाऊन १९९७ साली फ्लॅट घेऊ शकत नाही ना.

मेसेज लिहून झाला की पाठवायच्या आधी एक काम करा. त्यातली जी वाक्य काढली तरी काम अडत नाही ती काढा. रक्कम काढली तर अडेल, तारीख काढली तर अडेल, "फुकटात पाणी वापरायचं आणि वर तोंड करून बोलायचं" हे काढलं तर काहीच अडत नाही. जवळजवळ सगळा माज ह्या एका चाळणीत पडतो.

मेंटेनन्सची वसुली, कारण सगळ्यात जास्त डोकी इथेच फुटतात. समजा ३०४ नंबरच्या फ्लॅटचे ५ महिने थकलेत. नेहमीचा मेसेज ग्रुपवर असा येतो:

"३०४ यांनी ५ महिने झाले मेंटेनन्स भरलेले नाही. पार्ट्या करायला पैसे आहेत, सोसायटीला द्यायला नाहीत. लाज वाटली पाहिजे. अन्यथा पाणी तोडण्यात येईल."

आता बघा काय झालं. पार्टीचा विषय आला म्हणजे ते काका पार्टीवरच बोलणार, मुलीचा वाढदिवस होता, तुम्हाला काय करायचंय, तुमच्या मुलाच्या लग्नात डीजे रात्री किती वाजेपर्यंत चालू होता ते सांगू का. ५ महिने राहिले बाजूला. आणि पाणी तोडायची धमकी तर देऊच नका, पाणी ही जीवनावश्यक गोष्ट आहे, तिथे उलट कमिटीच अडचणीत येते.

तेच असं लिहा, ग्रुपवर नाही, त्यांना एकट्याला:

"नमस्कार काका, ३०४ चं एप्रिल ते ऑगस्टचं मेंटेनन्स बाकी दिसतंय, स्टेटमेंट सोबत पाठवतोय. आमच्याकडून एखादी एन्ट्री राहिली असेल तर पावती पाठवा, लगेच दुरुस्त करून घेतो. नसेल तर २० तारखेपर्यंत भरता येईल का? एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांचं पत्र द्या, मी कमिटीपुढे ठेवतो. व्याज मात्र ठरावाप्रमाणे लागतंय, ते माझ्या हातात नाही."

ह्यात काहीही सोडलेलं नाही. व्याज आहे, तारीख आहे. पण एन्ट्री राहिली असेल ही शक्यता आपण आधीच उघडी ठेवली, आणि ती खरंच असते, लोक ऑनलाईन पैसे पाठवताना फ्लॅट नंबर टाकत नाहीत आणि ट्रेझररला बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नुसता एक लांबलचक आकडा दिसतो. त्या माणसाला भर ग्रुपवर थकबाकीदार म्हटलं आणि नंतर एन्ट्री सापडली तर काय तोंड दाखवणार.

आणि तरीही नाहीच भरले तर? तर कायदा आहे, आवाज चढवायची गरजच नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना बायलॉजमध्ये, थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याजाची मर्यादा आहे, तुमच्या सभेने किती ठरवलंय ते मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये २०१९ साली हौसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं, त्यातल्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. त्या फाईलला काय लागतं, बिलं, खातेउतारा, मागणीच्या नोटिसा, कमिटीचा ठराव. तुम्ही ग्रुपवर किती छान टोमणा मारला होता ते तिथे कोणी विचारत नाही. उलट तुमच्या नोटिसा साध्या, तारीखवार आणि सभ्य असल्या तर फाईल नीट दिसते. नोटीस लेटरहेडवर, वर "श्री." किंवा "श्रीमती" पूर्ण नावासकट, आणि खाली "कळावे". एवढं पुरतं.

लिकेजचं बोलणं वेगळं असतं, कारण तिथे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. खालच्याच्या सिलिंगचा रंग फुगलाय, पोपडे पडतायत, गणपती तोंडावर आलेत. वरच्याला वाटतं माझ्या घरात तर सगळं कोरडं आहे, हा मला टाइल्स फोडायला लावणार, म्हणजे दोन आठवडे बाथरूम बंद आणि खर्च वेगळा. खालचा वर जातो, बेल वाजवतो आणि पहिलं वाक्य, "तुमच्यामुळे माझं घर सडलंय". संपलं. वरचा दारातच म्हणणार आमचं नाहीये हो, बाहेरची पाईप असेल.

त्याऐवजी पहिल्या दिवशी दोष कोणाचा हे बोलूच नका, फक्त बघायला बोलवा. "काकू, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीये, जरा खाली येऊन बघता का, मला पण कळत नाहीये कुठून येतंय." माणूस स्वतःच्या डोळ्याने डाग बघतो ना तेव्हा निम्मं भांडण संपतं, फोटो पाठवून ते होत नाही, फोटोत सगळ्यांना वाटतं झूम करून पाठवलाय. मग प्लंबर दोघांच्या समोर आणा, जमलं तर सोसायटीचा, म्हणजे हा तुझा माणूस तो माझा माणूस होत नाही. आणि नियम दोघांनाही माहीत असू द्या, गच्चीतून, बाहेरच्या कॉमन पाईपमधून किंवा ड्रेनेज लाईनमधून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, आतल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे असेल तर ज्याचा फ्लॅट त्याचा. पण हा नियम सांगायची वेळ प्लंबर बघून गेल्यावर. आधी सांगितला की तो दोघांनाही धमकीसारखा लागतो.

वरच्यांसाठी पण एक. "आमचं नाहीये" हे बघायच्या आधी म्हणू नका. "बघून घेऊ, आमच्याकडून असेल तर करून देऊ" एवढं म्हटल्याने तुमच्यावर कायदेशीर काही येत नाही आणि खालचा माणूस निम्मा शांत होतो.

पार्किंगबद्दल फार लिहित नाही, तिथे तोंडाने सुटण्यासारखं कमी असतं आणि नियमावलीने सुटण्यासारखं जास्त. बिल्डरने विकलेलं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं, हा वाद असेल तर सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की बिल्डरला ओपन किंवा स्टिल्ट पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, पण हे वाक्य ज्याने लाखो रुपये मोजलेत त्याच्या तोंडावर फेकू नका, तो फसवला गेलाय, चोर नाहीये. सभेत विषय घ्या. आणि काचेवर चिकटवायची चिठ्ठी असेल तर फोन नंबर लिहा, "गाडी काढायला मदत लागली तर फोन करा" लिहा, हवा सोडू नका.

वॉचमन, झाडूवाले, कचरा नेणारे, घरकाम करणाऱ्या ताया, ह्यांच्याशी आपली भाषा बघा एकदा. मेंबरशी "आपण" "साहेब" आणि तोच माणूस गेटवर वळून "ए, इकडे ये रे". वॉचमन एजन्सीचा असतो, बऱ्याच ठिकाणी १२-१२ तासांची ड्युटी असते, वयाने वडिलांएवढा असतो आणि त्याला २२ वर्षांचा पोरगा अरे-तुरे करतो, तेही पार्सल वर आणून दिलं नाही म्हणून. इथे सल्ला एकदम साधा, नाव विचारा आणि नावाला काका, दादा, मावशी जे शोभेल ते लावा, आणि "तुम्ही" म्हणा. "ए भैया" मुंबईत ज्या सुरात म्हणतात त्यात भावाचं काही उरलेलं नसतं हे सगळ्यांना माहितीये. आणि तक्रार असेल तर सगळ्या मेंबर्सनी त्याला वेगवेगळं झापायचं नाही, सेक्रेटरीने सुपरवायझरशी बोलायचं, नाहीतर त्या माणसाला २४ मालक होतात.

सभेत काय करायचं? वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, १४ दिवसांची नोटीस लागते, म्हणजे वर्षभराचा राग तिथे एका हॉलमध्ये गोळा होतो, बटाटेवडे येईपर्यंत निघतो. कमिटीवाल्यांनी एक सवय लावून घ्या, उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दात परत म्हणायचं. "म्हणजे जोशी काका, तुमचं म्हणणं असं की रंगकामाची तीन कोटेशन्स घेतली नाहीत, बरोबर?" ते हो म्हणाले की मगच आपलं. हे केलं की लोक तीच गोष्ट चार वेळा ओरडून सांगत नाहीत, कारण पोचली हे कळतं. ज्येष्ठ लोकांना मधेच तोडू नका, पण वेळ सांगा, "काका, अजून दोन मिनिटं, मग पुढचा विषय". मिनिट्स लिहिताना विशेषणं टाकू नका, "अमुक यांनी विनाकारण आक्षेप घेतला" नाही, नुसतं "अमुक यांनी आक्षेप घेतला" आणि आक्षेप काय तो. त्या "विनाकारण"वर पुढची दोन वर्षं पत्रव्यवहार होतो.

आता समोरून कोणी उर्मटपणे आलं तर. पहिलं म्हणजे रात्री ११ नंतर ग्रुपवर उत्तर नाही, काहीही असो. दुसरं, उत्तर फक्त प्रश्नाला, सुराला नाही. "कमिटी झोपली आहे का, दोन दिवस लिफ्ट बंद" असं आलं तर "लिफ्टवाल्यांचा माणूस उद्या सकाळी येतोय, पार्ट मिळाला की सांगतो, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना सामान वर न्यायचं असेल तर मला फोन करा". झोपण्याबद्दल एक अक्षर नाही. बाकीचे वाचत असतात, त्यांना बरोबर कळतं कोण कसं बोललं. तिसरं, तीन मेसेजमध्ये मिटलं नाही तर फोन, फोनवर नाही मिटलं तर खाली बाकावर. टाईप करून भांडण मिटलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आणि चुकून गेलाच तिखट मेसेज तर. व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो, पण बाजूला एडिट केल्याची खूण दिसते, सगळ्यांसाठी डिलीट केलं तर तिथे डिलीट केल्याची ओळ रहाते, म्हणजे लोकांची उत्सुकता अजून वाढते आणि स्क्रीनशॉट तोवर निघालेला असतो. त्यामुळे डिलीट करून गप्प बसू नका, माफी मागा. आणि "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे" ही राजकारण्यांची माफी मागू नका, त्यात चूक भावनांची असते. काय बोललात ते म्हणा, कोणाला ते म्हणा, आणि कारणं देऊ नका: "काल रात्री मी २०२ च्या ताईंना बायलॉज वाचून या म्हणालो, ते बोलायला नको होतं. ताई, सॉरी. तुमचा पाण्याच्या मीटरचा प्रश्न बरोबर होता, मंगळवारी प्लंबरला बोलावलंय." जिथे अपमान केला तिथेच माफी, ग्रुपवर केला असेल तर ग्रुपवर, एकट्याला गुपचूप मेसेज चालत नाही. आणि समोरच्यांनी नुसता अंगठा टाकला किंवा काहीच टाकलं नाही तर तेही चालवून घ्या, "मी सॉरी म्हटलं तरी बघा किती अ‍ॅटिट्यूड" असा पुढचा मेसेज टाकलात तर आधीची माफी फुकट गेली.

ग्रुप अ‍ॅडमिनसाठी शेवटचं, भांडण पेटलं की "फक्त अ‍ॅडमिन मेसेज करू शकतील" हे सेटिंग रात्रीपुरतं लावा आणि सकाळी ९ ला काढा, कधी काढणार ते लावतानाच लिहा. वेळ न सांगता लावलं तर लोक म्हणतात कमिटीने तोंड दाबलं, आणि दुपारपर्यंत "आपली सोसायटी - २" नावाचा नवीन ग्रुप तयार असतो.