१ मिमी अॅल्युमिनियम पत्रा लेझरवर कापताना

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये हे काम फायबर लेझरवरच (काचतंतूत किरण तयार करणाऱ्या लेझरवर) करा. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरचा १०.६ मायक्रॉनचा किरण अॅल्युमिनियम बराचसा परतवतो; फायबरचा साधारण १.०७ मायक्रॉनचा किरण त्यामानाने जास्त शोषला जातो.

पत्रा आधी पुसून घ्या, तेलाचा डाग नको. दीड किलोवॅटच्या मशीनवर सुरुवात अशी: नायट्रोजन १२ बार, १.५ मिमी सिंगल नोझल (किरण आणि गॅस बाहेर सोडणारं तोंड), नोझल ते पत्रा अंतर ०.५ ते ०.८ मिमी, फोकस पत्र्याच्या किंचित आत, वेग मिनिटाला ६ ते ८ मीटर. मग टाकाऊ तुकड्यावर ट्रायल. (थेट जॉबवर ट्रायल घेणारेच पत्रा वाया घालवतात.)

खालच्या कडेला चिवट बर (वितळून चिकटलेला धातू) राहिली, तर आधी फोकस आणि नोझलचं सेंटरिंग (किरण नोझलच्या मधोमध आहे ना) तपासा, मग गॅसचा दाब वाढवा. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या ऑक्साइडला २००० च्या वर लागतात. म्हणून नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरला तर ऑक्साइडमुळे कड खडबडीत येते.

आरपार कट होत नसेल तर लगेच थांबवा, परतलेला किरण लेझरच्या सोर्सपर्यंत (जिथे किरण तयार होतो) जाऊन सोर्स जाळू शकतो. पावसाळ्यात चिलरचं (लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी फार थंड ठेवलं की लेन्सवर दव धरतं. अॅल्युमिनियमची भुकटी मात्र पेट घेते: लोखंडाच्या ठिणग्या उडणाऱ्या डस्ट कलेक्टरमध्ये ती कधीच मिसळू नका.